छत्री घ्यावी की एसटी

साडेचार हजार डॉलर मोजून आणलेला पॉप-अप कँपर मी अंगणात उभा केला, हँडल मारून त्याचं छप्पर वर चढवलं, दोन्ही टोकांचे गादीचे खण बाहेर ओढले, कॅनव्हास ताणून बसवला आणि घामाघूम होऊन आईकडे पाहिलं. आई पायरीवर उभी राहून पाऊण तास हा खटाटोप बघत होती. ती खाली आली, आत डोकावली, गादी हाताने दाबून पाहिली, शेगडीचं बटण उगीच फिरवलं आणि म्हणाली, "छान आहे. ह्यात संडास कुठे आहे?"

"संडास कँपग्राउंडवर असतो. चालत दोन मिनिटं."

"म्हणजे चाळीसारखा."

"चाळीसारखाच."

"मग त्या चाळीतून बाहेर पडायला तुझ्या बाबांनी वीस वर्षं हप्ते कशाला फेडले?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॉप-अप विकणाऱ्या जोडप्याकडेही नसावं. तो का विकताय, असं विचारल्यावर दोघांनी एकदम आपापल्या गुडघ्यांवर हात ठेवला होता.

आई एप्रिलमध्ये डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आली ती एक सल घेऊनच आली: यंदाचं वाळवण राहिलं. ऐन उन्हाळ्यात गच्ची सोडून आलेल्या बाईला अमेरिका काय दाखवणार? आमच्या घराला गच्ची नाही, उतरतं छप्पर आहे. मागच्या डेकवर ओकची सावली आणि खारींचं राज्य. पुढच्या अंगणात ऊन मुबलक, पण तिथे काही वाळत घालायचं नाही अशी सोसायटीची लेखी ताकीद. "एवढं मोठं घर, आणि चार चिकवड्या घालायला जागा नाही," हे वाक्य आम्ही रोज सकाळच्या चहाबरोबर ऐकत होतो.

आमचं गाव कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. उत्तरेकडून नोकऱ्यांसाठी इतके लोक इथे येऊन राहिले की जुने रहिवासी गावाच्या नावाची चार इंग्रजी अक्षरं फोडून 'हलवलेल्या यांकींना कोंडून ठेवायची जागा' असा अर्थ लावतात. त्या यांकींमध्ये आता निम्मं कोथरूड आलंय, ही गोष्ट वेगळी. सोसायटीला इथे होमओनर्स असोसिएशन म्हणतात. डोंबिवलीचा सेक्रेटरी निदान जिन्यात गाठून भांडता येतो. इथला दिसत नाही, फक्त पत्र पाठवतो. कँपर, होडी, मोटरहोम वगैरे अंगणात उभं करायला जास्तीत जास्त ४८ तास, तेही सामान चढवण्या-उतरवण्यापुरते, हा नियम मला कॅरीतल्या कुठल्याही नियमापेक्षा चांगला पाठ आहे. पुढे कळेलच का ते.

ह्या सगळ्याला कारण आमचा शेजारी. निवृत्त गृहस्थ, पोस्टाच्या पेटीपाशी भेटला की हवामान सांगणारा. त्याच्याकडे ३८ फुटी डिझेल मोटरहोम आहे. अमेरिकेत ह्या घरगाड्यांची वर्णव्यवस्था आहे. आख्खी बस ती क्लास ए, व्हॅनमध्ये बसवलेलं बिऱ्हाड ते क्लास बी, आणि ट्रकच्या सांगाड्यावर घर चढवून ड्रायव्हरच्या डोक्यावर पोटमाळा काढला की क्लास सी. बी नंतर सी मोठी कशी, हे विचारायचं नाही. शेजाऱ्याची क्लास ए सहलीच्या आदल्या दिवशी अंगणात येते, बटण दाबलं की तिच्या भिंती ड्रॉवरसारख्या बाहेर येतात आणि बसचा दिवाणखाना होतो. आत कपडे धुवायचं यंत्र आहे. दोन टीव्ही आत आणि एक बाहेरच्या अंगाला, म्हणजे जंगलात खुर्ची टाकून बसलं तरी जंगल बघायची सक्ती नको.

आईने ती पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाली, "एसटी आली." तेव्हापासून आमच्या घरात ती एसटी. आणि मग पॉप-अप ओघानेच छत्री झाला. उघडायचा, मिटायचा, आणि ओला झाला की कुठे ठेवायचा हा प्रश्न.

माझ्या असं लक्षात आलंय की आपल्याकडची आश्रमव्यवस्था खरी पाळतात ते अमेरिकन. तरुणपणी पाठीवर तंबू: ब्रह्मचर्य. मुलं झाली की छत्री: गृहस्थाश्रम. मुलं कॉलेजात गेली, घराचे हप्ते फिटले की नवरा-बायको उठून खरोखरच वनाकडे प्रस्थान ठेवतात, फक्त ३८ फुटी बसमधून आणि वॉशिंग मशीनसकट. आपण वानप्रस्थाश्रमाचं नुसतं नाव घेतो आणि मुलाच्या घरी जाऊन टीव्हीचा रिमोट ताब्यात घेतो. चौथ्या आश्रमात काही जण राहतं घर विकून कायमचे गाडीतच राहायला जातात. ह्याला संन्यास म्हणावं, तर त्या गाडीची किंमत आड येते.

किमतीचं बोलायलाच हवं, कारण बायकोने पहिल्या दिवसापासून एक्सेलचा तक्ता उघडून ठेवला होता. नवी छत्री साधारण १५ ते २५ हजार डॉलरला मिळते. क्लास सी लाखाच्या आसपास. शेजाऱ्यासारखी डिझेल एसटी नवी घ्यायला गेलं तर तीन-चार लाख सहज. त्याने जुनी घेतली, तरी सोसायटी दारात उभी करू देत नाही म्हणून गावाबाहेर महिना १४० डॉलर भाड्याने जागा घेतलीय. वर्षाचे १,६८०. तो वर्षातून वीसेक रात्री बाहेर पडतो. बायकोने भागाकार केला: ज्या ज्या रात्री तो एसटीत झोपतो, त्या प्रत्येक रात्रीमागे एसटी रिकामी उभी राहिल्याचे ८४ डॉलर. हे तिने त्याला सांगू नये म्हणून मला बरीच काळजी घ्यावी लागली.

करखात्याचा एक नियमही तिनेच शोधून काढला. अमेरिकेत दुसऱ्या घराच्या कर्जाचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करून घेता येतं, आणि ते घर चाकांवर असलं तरी चालतं. अट एवढीच, की त्यात झोपायची, रांधायची आणि संडासाची सोय हवी. ह्या व्याख्येने शेजाऱ्याची बस घर ठरते. आमची छत्री ठरत नाही. आणि गिरगावातली आमची दहा बाय वीसची डबल रूम, जिच्यात आम्ही सहा जण वाढलो आणि जिच्या पागडीवरून दोन काका अजून बोलत नाहीत, तीही घर ठरत नाही, कारण संडास गॅलरीच्या टोकाला होता. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग काय धर्मशाळा होती का ती?"

मे महिन्यात छत्री घेऊन ग्रेट स्मोकी माउंटन्सला निघालो. कॅरीपासून सव्वातीनशे मैल. आमची मिनिव्हॅन साडेतीन हजार पौंड ओढू शकते आणि रिकाम्या छत्रीचं वजन दोन हजार. रिकाम्या, हा शब्द महत्त्वाचा. आईने भरायला घेतल्यावर कुकर, पोळपाट, दोन किलो भाजणी, लाडवांचे डबे आणि 'असू दे, लागतं' ह्या सदरातल्या चौदा पिशव्या चढल्या. टायर बघून मीच पोट आत ओढून घेतलं.

ट्रेलर सरळ ओढायला काही अक्कल लागत नाही. मागे घ्यायला लागते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि हे समजून घेऊन तुम्ही उजवीकडे फिरवेपर्यंत तो झाडापाशी पोचलेला असतो. जाणकार सांगतात की हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हलवावा. सल्ला बिनचूक आहे. पण संध्याकाळच्या वेळी कँपग्राउंडवर नवखा ट्रेलर मागे घेऊ लागला की आजूबाजूचे लोक खुर्च्या वळवून बसतात, कोणी मक्याच्या लाह्या घेऊन बसतो, आणि अशा प्रेक्षकांपुढे तळहात कुठे आणि तळ कुठे, काही सुधरत नाही.

मागे बायको उभी. ती पेशाने डेटाबेस सांभाळते. पण ट्रेलर मागे येताना दिसला आणि तिच्यातून पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ट्रकचा क्लीनर बोलू लागला. "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... डावीकडे घे! अरे माझ्या डावीकडे! येऊ दे... बास! बास म्हटलं ना!" मागच्या पत्र्यावर दोन थापा. स्मोकीच्या त्या दरीत असा आवाज पूर्वी कधी घुमला नसेल. घरी अंगणात हाच प्रयोग व्हायचा तेव्हा आमचा शेजारी पोर्चवर येऊन बसायचा. त्याची अशी समजूत झाली होती की 'येऊ दे' ही ट्रेलर मागे घेण्याची भारतीय तांत्रिक संज्ञा आहे.

मग छत्री उघडणं. पाणसळ बघून फळ्यांवर चाक चढवायचं, चाकांना अडण लावायची, कडी सोडवायची, पुढचा जॅक फिरवायचा, चारही कोपऱ्यांचे पाय जमिनीला टेकवायचे. मग हँडल. एक, दोन, तीन... एकोणतीस फेऱ्यांनंतर छप्पर वर. खण ओढा, खाली दांड्या द्या, कॅनव्हासच्या कडा खाली दाबून बसवा, छताला टांगलेला दरवाजा खाली घेऊन चौकटीत अडकवा, झोपलेला ओटा उठवून उभा करा. पन्नास मिनिटं. लॉइड बॉन्ट्रेगर नावाच्या गृहस्थांनी इंडियानातल्या मिडलबरीजवळ आपल्या शेतावर छप्पर वर उचलायची एक युक्ती काढली आणि १९६८ मध्ये त्यावर जेको कंपनी उभी केली. त्यांच्या बुद्धीबद्दल मला आदर आहे. बाविसाव्या फेरीला तो थोडा कमी होतो, एवढंच.

आता आत काय? आत सकाळी पलंगाची बैठक, बैठकीचं जेवणघर, रात्री जेवणघराचा पुन्हा पलंग. एक जण पोहे करत असला की बाकीच्यांनी आडवं व्हायचं किंवा बाहेर जायचं. आई सोडून आम्हा सगळ्यांना पहिला दिवस ह्याची सवय करण्यात गेला. आईने शिरल्या शिरल्या वळकट्या कुठे, भांडी कुठे आणि कुणाचे पाय कुठे हे ठरवून टाकलं. रात्री कॅनव्हासपलीकडून दोन जागा सोडूनच्या माणसाचं घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं. "हा उताणा झोपलाय," आई अंधारात म्हणाली. "कुशीवर वळला की थांबेल." थोड्या वेळाने तो वळला असावा.

अडचण दोन प्रकारची. पहिली अस्वलांची. स्मोकीत दीड हजारांच्या वर काळी अस्वलं आहेत, आणि तिथल्या नियमाप्रमाणे कापडी भिंतीआड अन्न ठेवायचं नाही. बंद मोटारीत किंवा पक्क्या भिंतींच्या गाडीत ठेवायचं. म्हणून रोज रात्री चौदाही पिशव्या मिनिव्हॅनमध्ये आणि सकाळी चहाला परत. डबे हलवता येतात, फोडणी हलवता येत नाही. आईने पहिल्याच संध्याकाळी आमटीला हिंगाची फोडणी दिली आणि तो वास कॅनव्हासच्या धाग्याधाग्यात जाऊन बसला. अस्वल काही आलं नाही. हिंगाने आलं नाही असं आईचं मत आहे.

दुसरी अडचण आईने अंगणातच विचारलेली. रात्री दीडला, साडेतीनला, टॉर्च घेऊन, माझा हात धरून, दोन मिनिटांची वाट. तिच्या गुडघ्यांनी सहा. आणि एल्कमाँट कँपग्राउंडवर संडास असतो, गार पाण्याचा नळ असतो, आंघोळीची सोय मात्र नसते. तिसऱ्या दिवशी आई कँपग्राउंडच्या खुर्चीत बसून शांतपणे म्हणाली, "एसटी बघ भाड्याने."

म्हणून जूनअखेर २८ फुटी क्लास सी. रोजचं भाडं २२५ डॉलर, मैलामागे ४५ सेंट. भाड्याने देणाऱ्याने चाळीस मिनिटं बटणं समजावली, मग समोरच्या काचेवरच्या चिकटपट्टीकडे बोट दाखवलं: गाडीची उंची. "हे विसरू नका," तो म्हणाला. विसरणार कसं? आमच्यापासून अर्ध्या तासावर डरॅममध्ये ग्रेगसन स्ट्रीटवर रेल्वेचा एक जुना पूल आहे. मुळात ११ फूट ८ इंच उंचीचा. त्याखाली शिरून किती ट्रकांची आणि घरगाड्यांची छपरं सार्डिनच्या डब्यासारखी सोलली गेली असतील! शेजारच्या इमारतीतल्या एकाने २००८ पासून कॅमेरा लावून ठेवलाय, त्यात शंभरावर धडका आहेत. सिग्नल बसवला, दिव्यांची पाटी बसवली, शेवटी २०१९ मध्ये पूलच आठ इंच उचलला. त्यानंतरही लोक धडकतात. आमचा रस्ता त्या पुलावरून, खालून, कुठूनच जात नव्हता. तरी वाटेत प्रत्येक पुलाखाली, अगदी पेट्रोल पंपाच्या छताखालीसुद्धा, आम्ही पाचही जण माना खाली घालत होतो.

घर चालवताना घराचा आवाज होतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चमच्यांचा, ताटांचा, फ्रीजच्या दाराचा, न्हाणीघरातल्या कुठल्याशा बिजागरीचा. मागे बसलेल्या मुलांशी बोलायला ओरडावं लागत होतं. पार्कमध्ये शिरल्यावर नदीकाठच्या वळणांच्या रस्त्यावर तिसऱ्याच वळणाला वरचं कपाट उघडलं आणि मिसळणाचा डबा खाली आला. झाकण एकीकडे, मोहरी दुसरीकडे, आणि हळद सगळीकडे. फिकट बदामी रंगाचा गालिचा होता. बायकोने ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. हळदीला ओलं फडकं लावलं की काय होतं, हे मराठी घरात जन्मलेल्या बाईला माहीत असायला हवं होतं, पण माणूस घाबरला की ज्ञान उपयोगी पडत नाही. जमिनीचा तो भाग लग्नघरासारखा दिसू लागला.

बाकी सोय विचाराल तर होती. पोचलो, हँडब्रेक लावला, बटणाने भिंत बाहेर काढली, संपलं. आठ मिनिटं. समोरच्या जागेवर एक तरुण बाप छत्रीचं हँडल मारत होता. मी खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं आणि मला लाज वाटेल इतकं बरं वाटलं.

संडास होता. पण कुठे? शेगडीपासून चार फुटांवर. आईने दार उघडलं, मिटलं, शेगडीकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं. "आणि हे जातं कुठे?"

"खाली टाकी आहे."

"कशाच्या खाली?"

मी उभा होतो त्या जागेकडे बोट दाखवलं. ती जागा ओट्यापुढची होती.

"चाळीतला लांब होता," आई म्हणाली, "पण लांब होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करण्याआधी तिने कापूर लावला. धुराची सूचना देणारं यंत्र केकाटलं. आजूबाजूचे तिघे विचारपूस करायला आले. त्यांना लाडू दिले.

पाण्याची गोष्ट मात्र मला मुद्दाम सांगायचीय. स्मोकीत जागेवर नळ नाही, वीज नाही; जे काही आहे ते गाडीच्या टाक्यांमध्ये. एक चांगल्या पाण्याची, एक आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची, तिसरी ती. गरम पाण्याचा बंब सहा गॅलनचा, म्हणजे तेवीस लिटर, म्हणजे आपली दीड बादली. थोरल्याने पहिल्याच आंघोळीत गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत बंब संपवला आणि सांडपाण्याची टाकी निम्मी भरली. धाकटी गार पाण्याखाली किंचाळली. मग आईने सूत्रं हातात घेतली. गिरगावात पहाटे चारला पाणी यायचं, साडेपाचला जायचं, आणि तेवढ्यात सहा माणसांचा दिवस पिंपात भरून ठेवायचा असायचा. त्या शाळेत शिकलेली बाई. तिने छोट्या बादलीत पाणी घेतलं, तांब्या घेतला, आणि चार लिटरमध्ये पायापासून केसांपर्यंत न्हाऊन, वर उरलेल्या पाण्यात पातळ खळबळून बाहेर आली. आजूबाजूच्या मुरलेल्या वानप्रस्थांना मी हे सांगितलं तर त्यांनी टोप्या काढल्या. त्यातला एक जण तांब्या बघायला आला.

परतीच्या वाटेवर टाक्या रिकाम्या करायच्या. हातमोजे घालायचे, जाड नळी जोडायची, आधी काळी टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. क्रम चुकवायचा नाही. मी चुकवला नाही. एवढ्यावर हा परिच्छेद थांबवतो.

ह्या गाड्या बहुतांशी इंडियानात, एल्कहार्टच्या आसपास तयार होतात, आणि तिथल्या कारखान्यांत आमिश लोक मोठ्या संख्येने काम करतात. स्वतः घोड्याच्या बग्गीतून फिरणारे, घरात वीज न घेणारे लोक. दिवसभर ते तीन टीव्हींची बस बांधतात आणि संध्याकाळी बग्गी जोडून घरी जातात. आयोवातल्या विनेबेगो कंपनीने १९६६ मध्ये आपलं पहिलं मोटरहोम काढलं, तिचे संस्थापक जॉन हॅन्सन तर आधी फर्निचरचं दुकान आणि अंत्यविधीचा व्यवसाय सांभाळायचे. माणसाला सामानासकट आणि सामानाशिवाय, दोन्ही प्रवासांना लावायचा त्यांचा अनुभव दांडगा असणार.

घरी आल्यावर तक्ता. पाच रात्रींचं भाडं १,१२५. ७२० मैलांचे ३२४. गॅलनला आठ मैल चालते, तेव्हा ९० गॅलन पेट्रोलचे २८८. विमा १५०, कँपग्राउंड १५०, साफसफाई ७५. वर 'पिवळा डाग' ह्या नावाखाली १५०. एकूण २,२६२ डॉलर. बायकोने आकडा वाचला, खाली मोटेलचा हिशोब मांडला, त्यात मोफत नाश्ता धरला, आणि काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मी म्हटलं, छत्रीचा हिशोब बघ. तो पडला ३०४. ती म्हणाली, आणि छत्रीची किंमत? टायर आणि बेअरिंग धरून ५,१०० गुंतलेत. तू तीन वर्षांत फार तर २७ रात्री झोपशील. रात्रीला १८९ डॉलर पडले, शिवाय संडास नाही. मी म्हटलं, पण साडेतीन हजाराला विकली तर रात्रीला ५९! "विकली तर," ती म्हणाली. "हिंगासकट?"

मुद्दा बिनतोड होता. खरं सांगायचं तर ह्या वादात पैशाचा भाग मला पहिल्यापासून खोटा वाटत आलाय. छत्रीवाला पैसे वाचवतो आणि घाम गाळतो, एसटीवाला घाम वाचवतो आणि हप्ते भरतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. भांडण असतं ते घरातल्या कुठल्या गोष्टीवाचून तुमचं अडतं ह्याचं. शेजाऱ्याचं टीव्हीवाचून अडतं. माझं कशावाचूनच अडत नाही, असा मी आव आणतो. आईचं दोनच गोष्टींवाचून अडत होतं, आणि त्यातली दुसरी आम्ही कोणी विचारलीच नव्हती.

ऑगस्टमध्ये दोन रात्री जवळच्या जॉर्डन लेकवर छत्री नेली. मिटायच्या दिवशी पाऊस. ओला कॅनव्हास मिटून ठेवला की दोन दिवसांत बुरशी धरते आणि मग तो कोणी फुकटही नेत नाही. म्हणून घरी येऊन, भर उन्हात, पुन्हा एकोणतीस फेऱ्या. छत्री अंगणात उघडी टाकून मी आत जाऊन झोपलो.

उठलो तर आई घरात नव्हती. ती छत्रीत होती. दोन्ही खणांच्या गाद्या काढून फळ्यांवर तिने प्लास्टिक अंथरलं होतं, आणि त्यावर ओळीने साबुदाण्याच्या चिकवड्या. दुसऱ्या बाजूला बटाट्याचा कीस. सगळे पडदे सारलेले. पारदर्शक प्लास्टिकमधून ऊन, जाळीतून वारा. आत भट्टीसारखं तापलेलं. "माशी नाही, खार नाही, धूळ नाही," आई म्हणाली. एप्रिलपासून तिचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. "इतक्या दिवसांत हे सांगितलं नाहीस ते?"

तिसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीचं पत्र आलं. ४८ तास संध्याकाळी संपत होते.

"दोन उन्हं झाली," आई म्हणाली. "कीस होईल. चिकवड्यांना तिसरं लागतं."

शेजारी पोर्चवरच होता. त्याला पत्र दाखवलं. तो हसला. सगळे काय करतात माहितीय का, म्हणाला. गाडी गल्लीतून एक चक्कर मारून परत आणायची, की घड्याळ नव्याने सुरू. मी त्याला समजावलं, की चक्कर मारायला छत्री मिटावी लागेल आणि मिटायला चिकवड्या काढाव्या लागतील. तो विचारात पडला. त्याची स्वतःची एसटी तासाभरापूर्वीच आली होती, उद्या रात्री निघायची होती. तिचे ४८ तास कोरे करकरीत.

आई आमच्यामागे येऊन उभी होती. तिला इंग्रजी बेताचंच कळतं, पण ती एसटीकडे बघत होती. खिडक्यांकडे नाही, बाहेर येणाऱ्या भिंतींकडे नाही. वर.

"ह्याला टप आहे," ती म्हणाली.

३८ फूट लांब, आठ फूट रुंद. दोन एसी सोडले तर सपाट, पांढरं, तापलेलं, आणि मागे चढायला शिडी. आमच्या गिरगावच्या खोलीपेक्षा शंभर चौरस फूट मोठं. मी शेजाऱ्याला काय विचारलं आणि कोणत्या शब्दांत, ते मला आता नीटसं आठवत नाही. तो थोडा वेळ माझ्याकडे आणि मग आईकडे बघत राहिला, आणि आत जाऊन गवत कापताना घालायची टोपी घालून आला. शिडी चढून वर उभा राहिला.

आईने प्लास्टिकचं एक टोक धरलं, मी दुसरं. चिकवड्यांचा पहिला थर शिडीपाशी नेला, हात वर केले. शेजारी ओणवा झाला, टोक चाचपलं आणि तिथून विचारलं, "येऊ दे?"

"येऊ दे," आई म्हणाली. "येऊ दे... येऊ दे... डावीकडे घे जरा... बास!"